जुन्या घरगुती संगणकासाठी कोणती मुक्तस्रोत प्रणाली निवडावी?

आपण विचारले आहे की, गुहागरजवळच्या घरी २०१४ सालचा, ४ जीबी रॅमचा संगणक आहे, त्यावर विंडोज ११ बसत नाही, आणि कामे म्हणजे मराठी टंकलेखन, मुलीचा अभ्यास व बँकेचे व्यवहार एवढीच आहेत, तर कोणती मुक्तस्रोत प्रणाली घ्यावी. मी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत प्रणाली सुचवीन, आणि तिच्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. देवगडला माझ्या घरी अशाच जुन्या संगणकावर मी चार वर्षे तीच वापरतो आहे.

विंडोज १० ची नियमित मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे बँकेच्या कामापुरता तरी हा बदल लांबणीवर टाकू नये. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मिंटला यांपैकी कशाचीच अट नाही. मिंट २२ ही मालिका उबंटू या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीबद्दल मला मनापासून आदर आहे, परंतु घरात पहिल्यांदाच लिनक्स येत असेल तर मिंटच सोपी पडते.

माझ्या निवडीमागचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि दुरुस्ती करणारा माणूस गावात असेलच असे नाही, म्हणून बिघडल्यावर घरच्या घरी पूर्वस्थितीला नेता येईल अशीच प्रणाली हवी. एका जुलैत अद्यतन चालू असतानाच वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी संगणक काळ्या पडद्यापुढे जाईना. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केली, त्यातले टाइमशिफ्ट हे प्रणालीच्या प्रती ठेवणारे साधन उघडले, आदल्या आठवड्याची प्रत निवडली आणि संगणक पुन्हा चालू झाला. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावून ठेवावे. ते प्रणालीच्या प्रती ठेवते, आपली छायाचित्रे व कागदपत्रे मात्र वेगळ्या डिस्कवर आपणच ठेवायची असतात.

मराठीसाठी कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक जोडावा. त्यात इंग्रजी J च्या कळीवर र आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो, त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द नीट उमटतात. समुद्रकाठच्या माणसाला हा फरक करता आलाच पाहिजे! युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फायली असतील, तर तो फॉन्टही सोबत घ्यावा, नाहीतर त्या लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत साधनात अर्थहीन रोमन अक्षरे दाखवतील.

काहीही पुसण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवून संगणक त्यावरूनच दोन-तीन दिवस चालवावा. हार्ड डिस्कला हात लागत नाही आणि आवाज, वायफाय, छपाई हे सारे तपासता येते. वायफाय दिसले नाही, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगने इंटरनेट घ्यावे आणि मिंटच्या ड्रायव्हर व्यवस्थापकात वायफायचा ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारी छोटी आज्ञावली) शोधावा. छपाई यंत्राची चाचणी विशेष काळजीने करावी, कारण काही जुन्या लेझर यंत्रांचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर फार त्रास देतात. शिवाय जुनी फिरती डिस्क अजून तशीच असेल, तर प्रणाली बसवण्याआधी तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घालून घ्यावी. ४ जीबी रॅमच्या संगणकाला तिचा जेवढा उपयोग होतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही खर्चाचा होत नाही.