स्वादुपिंडाचा कॅन्सर पुढच्या स्टेजला आहे. डॉक्टर लगेच ऑपरेशन न करता आधी केमो आणि रेडिएशन का सांगतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना कावीळ झाली, पित्त वाहतं राहावं म्हणून पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकला, सीटीमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली आणि सर्जन म्हणाले, आत्ता ऑपरेशन नाही. घरच्यांना वाटतंय की हातातली वेळ निघून चाललीय. मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि तुमची घालमेल मला पुरती कळते. तरीही सर्जननी सांगितलेलं बरोबर आहे.

सगळ्यात आधी त्यांना एक विचारा: 'ॲडव्हान्स' म्हणजे आजार लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात पसरलाय, की गाठ तिथेच आहे पण मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलीय? आजार पसरला असेल तर मुख्य उपचार केमोच. गाठ काढून आयुष्य वाढत नाही, उलट ऑपरेशनमधून सावरण्यात महिने जातात. तुमच्या वर्णनावरून वडिलांचा प्रकार दुसरा वाटतो. आतड्याला रक्त पुरवणारी मोठी धमनी स्वादुपिंडाला अगदी लागून जाते. गाठीने त्या धमनीला अर्ध्याहून जास्त वेढलं असेल तर ती सोडवताना कॅन्सर मागे राहतो. शीर कापून जोडता येते, धमनीचं तसं नाही. आणि कॅन्सर मागे ठेवून केलेल्या एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा फायदा फारच थोडा.

म्हणून आधी केमो. प्रकृती चांगली असेल तर बहुतेक फोलफिरिनॉक्स (अनेक औषधं एकत्र असलेली केमो) देतात, नाहीतर जेमसिटाबीन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल. फोलफिरिनॉक्स दर १४ दिवसांनी असतं. त्यातलं एक औषध ४६ तास थेंबथेंब जातं, त्यामुळे पेशंट छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला (औषध सोडायच्या डबीला) जोडलेला छोटा पंप घेऊन घरी येतो. त्यातल्याच ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधामुळे पुढचे काही दिवस फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या येतात, गार पाणी घशात टोचतं. पाणी कोमटच द्या. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

या महिन्यांत दोन गोष्टी होतात. गाठ आकसू शकते, आणि आजाराचा स्वभाव कळतो. केमो चालू असतानाच लिव्हरमध्ये डाग दिसले, तर ते डाग बहुधा आधीपासून होते, फक्त दिसत नव्हते. अशा पेशंटचं ऑपरेशन करून हाल तेवढे झाले असते. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा रक्तवाहिन्यांना चिकटलेली गाठ असलेल्या आणि फोलफिरिनॉक्स घेतलेल्या पेशंटपैकी साधारण चौथ्या हिश्श्याची गाठ पुढे काढता आली होती. म्हणजे ऑपरेशनपर्यंत न पोहोचणारेच जास्त. हे तुम्ही आत्ताच मनाशी धरलेलं बरं.

आता माझ्या विषयाबद्दल. २०१६ मध्येच आलेल्या एलएपी-०७ या मोठ्या अभ्यासात केमोनंतर रेडिएशन दिल्याने आयुष्य वाढलं नाही. मात्र गाठ जागच्या जागी वाढण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आलं. तेव्हाची केमो आजच्यापेक्षा सौम्य होती हे खरं, पण रेडिएशन प्रत्येकाला द्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही. धमनीच्या कडेचा आजार मारायचा असेल किंवा पाठीत जाणारं दुखणं थांबत नसेल, तर त्याचा उपयोग होतो. नेहमीच्या पद्धतीत पाच-साडेपाच आठवडे, सोबत कॅपेसिटाबीनच्या (केमोच्या) गोळ्या. नेमक्या जागी जास्त मात्रेच्या पद्धतीत साधारण ५ बैठका. जठर आणि लहान आतडं गाठीला खेटून असतं, आणि गाठ श्वासागणिक वरखाली होते. त्यामुळे उपाशीपोटी बोलावतात, कधी श्वास रोखून धरायला लावतात. वडिलांकडून घरी थोडा सराव करून घ्या.

केमो-रेडिएशननंतरचा सीटी बघून लगेच खचू नका. मेलेल्या गाठीचा व्रण आणि जिवंत गाठ सीटीत सारखीच दिसू शकतात. म्हणून सीए १९-९ (रक्तातून कळणारा कॅन्सरचा आकडा) किती उतरलं, वजन टिकलंय का, हेही बघतात. (कावीळ असताना हा आकडा उगाच जास्त येतो, तो कावीळ उतरल्यावरचाच धरा.) मग आधी दुर्बिणीतून पोट तपासून व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचं डोकं गाठीसकट काढण्याचं) ठरवतात. ते जिथे नेहमी होतं तिथेच करा. वर्षाकाठी किती व्हिपल होतात, हे सर्जनना सरळ विचारा, त्यात संकोच नको.

दरम्यान वडिलांचं वजन सांभाळा. जेवल्यावर तेलकट, तरंगणारी शौचाला होत असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल मागा आणि त्या जेवताना द्या, नंतर नको. बीआरसीए जनुकाची (यातला दोष घराण्यात पुढे जाऊ शकतो) तपासणीही करून घ्या. दोष निघाला तर सिस्प्लॅटिन किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन असलेली केमो जास्त लागू पडते, आणि मग तुम्हा भावंडांनाही तपासून घ्यावं लागेल. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी सीटीची सीडी आणि बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. पण त्यासाठी ठरलेली केमो लांबवू नका.