कॉर्न कीबोर्डची केस (बाहेरचं कवच): आधी उंची ठरवा, मग आकार

तुमचा प्रश्न असा: कॉर्न या दोन भागांत विभागलेल्या कीबोर्डचे दोन्ही भाग जोडून झालेत, एमएक्स स्विच (कीकॅपखालची बटणं) आणि हॉटस्वॅप सॉकेट (ज्यांत स्विच सोल्डर न करता खोचता येतो) आहेत, सांगलीत नावाच्या पाट्या बनवणारा ३ मिमी अ‍ॅक्रिलिक कापून द्यायला तयार आहे, मग वरची (स्विच बसतात ती) आणि खालची प्लेट दोन्ही त्याचीच करावी का? खालची खुशाल करा. वरची नको.

एमएक्स स्विचच्या बाजूच्या क्लिपा १.५ मिमी जाडीच्या प्लेटसाठी असतात. ३ मिमीत त्या अडकतच नाहीत, स्विच फक्त घर्षणावर उभा राहतो. पाय सोल्डर केलेले असते तर चाललं असतं. सॉकेट असल्यावर कीकॅप ओढली की स्विचच हातात येतो. वरची प्लेट स्टेनलेस स्टीलची करा. पाटीवाल्याचं सीओटू लेझर मशीन ते कापणार नाही, त्यासाठी कुपवाड एमआयडीसीत धातू कापणारा फायबर लेझरवाला गाठावा लागेल. एवढ्याशा कामाला वेगळी शीट लावायला कुणी राजी नसतं, म्हणून उरलेल्या तुकड्यातून काढून द्या म्हणावं. आणि ‘सोळा गेज’ म्हणू नका, ‘दीड एमएम’ म्हणा. सोळा गेज म्हटल्यावर १.६ चा पत्रा लागू शकतो.

आता उंची. बाहेरची रेघ काढण्याआधी कागदावर आडवा छेद काढा. प्लेटचा वरचा पृष्ठभाग ते पीसीबीचा (सर्किट बोर्डचा) वरचा पृष्ठभाग हे अंतर एमएक्सला ५ मिमी. त्यातून प्लेटचे १.५ वजा केले की मधली फट ३.५. पीसीबी १.६. तिच्याखाली सॉकेट साधारण १.८. म्हणजे दोन प्लेटांमध्ये ६.९ तर लागणारच. ८ मिमीचे एम२ (२ मिमी आट्यांचे) स्टँडऑफ, म्हणजे दोन प्लेटांमधले छोटे खांब, लावले की सॉकेटखाली मिलिमीटरभर जागा उरते, तेवढी पुरते. १० लावले तर कीबोर्ड विनाकारण उंच होतो आणि मनगटाला ते लगेच कळतं.

बाजू बंद करायला मध्ये अ‍ॅक्रिलिकची चौकट घालायचा मोह होईल. माझं स्पष्ट मत, घालू नका. तिच्या भिंती बारीक होतात आणि यूएसबीच्या खाचेपाशी तडकतात. उघड्या बाजूंनी धूळ जाते खरी, पण फुंकर मारून निघतेही.

खरी कसोटी भोकांची. स्विचचं भोक १४ × १४ मिमी, दोन स्विचच्या मध्यांमधलं अंतर १९.०५ मिमी. पण लेझरचा झोत स्वतःची रुंदी जाळतो, त्यामुळे १४ काढलं की भोक थोडं मोठं येतं. किती, ते मशीन आणि शीटवर अवलंबून. म्हणून आधी त्याच शीटवर एक पट्टी कापून घ्या: १३.८, १३.८५, १३.९, १३.९५, १४. प्रत्येकाशेजारी आकडा कोरून घ्या. ज्या भोकात स्विच टक्क वाजून बसतो आणि पट्टी उलटी धरून हलवली तरी पडत नाही, ते माप ड्रॉइंगमध्ये घ्या. त्याआधी ऑपरेटरला विचारा, ‘ऑफसेट तुम्ही टाकता का?’ म्हणजे झोताच्या रुंदीची भरपाई. तो टाकत असेल आणि तुम्हीही माप कमी केलंत, तर स्विच आतच जाणार नाही.

डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) उघडताना मिमी आणि इंचाचा घोळ होतो, माप २५.४ पटींनी बदलतं. शेजारी १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि त्याच्या स्क्रीनवर ती मोजून घ्या. शिवाय डाव्या-उजव्या प्लेटा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा काढा. दोन्ही सारख्याच कापून एक उलटी केली, तर स्टीलची बर (कापल्यावर कडेला उरणारी धारदार कोर) एकीकडे आत आणि दुसरीकडे बोटांखाली येते. बर आतल्या बाजूला ठेवा आणि तरीही बारीक कानस फिरवा.

एम२ स्क्रूला २.२ मिमीचं भोक पुरतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये ते कडेपासून निदान ३ मिमी आत घ्या आणि स्क्रू जोर लावून आवळू नका. कापलेलं अ‍ॅक्रिलिक स्पिरिट किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसू नका, लेझरने तापलेल्या कडांना त्याने बारीक चिरा जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड घ्या.