अठराव्या वर्षी वजन किती होतं?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वजन आणि कॅन्सर या विषयावर लोकांशी बोलायचं काम तुझ्याकडे आलं, आणि पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी तुला गप्प केलं. "मी लहानपणापासून जाड. मग मला कॅन्सर होणारच का? आणि माझी बहीण काडीसारखी, तिला कसा झाला?" तू म्हणालीस, "वजनाने धोका वाढतो." त्या उठून गेल्या.

गेल्या ते बरोबरच. 'धोका वाढतो' हे अर्धं वाक्य आहे. कुठल्या कॅन्सरचा, कुठल्या वयातल्या वजनाने, ते वजन किती वर्षं अंगावर राहिलं म्हणून, आणि कितीचा किती वाढतो, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. आपल्या क्षेत्रातली अनेक माणसं जन्मभर अर्ध्या वाक्यांवर काम भागवतात. तू तसं करू नकोस.

आधी कॅन्सर कुठला ते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. जादा चरबीशी पक्का संबंध असलेल्या कॅन्सरांची तिची यादी 2002 साली पाचांची होती, 2016 साली ती तेरांवर गेली. अन्ननलिकेचा एक प्रकार, जठराचा वरचा भाग, मोठं आतडं आणि गुदाशय, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, बीजांडकोशाचा, थायरॉईडचा, मेंदूच्या आवरणातली मेनिन्जिओमाची गाठ आणि मल्टिपल मायलोमा हा हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर. यादी पाठ कर, पण समोरच्याला घडाघडा म्हणून दाखवू नकोस. त्यातले सगळे कॅन्सर एका मापाचे नाहीत. अतितीव्र लठ्ठपणात गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका सुमारे सात पट होतो. आतड्याचा लठ्ठ माणसांत साधारण 1.3 पट. एखादा आजार हजारात दहा जणांना होत असेल, असं नुसतं धरून चाल, मग 1.3 पट म्हणजे दहाचे तेरा. ऐकणाऱ्याला 'तीस टक्के वाढ' आणि 'दहाचे तेरा' ही दोन वेगळी वाक्यं वाटतात. तू दुसरं बोल.

त्या बहिणीचं उत्तरही इथेच आहे. 2003 साली अमेरिकेतल्या 9 लाखांहून जास्त माणसांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून एक अंदाज निघाला: तिथल्या पन्नाशीपुढच्या लोकांत कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंपैकी पुरुषांत 14 टक्के आणि बायकांत 20 टक्क्यांपर्यंत वाटा जादा वजनाचा असू शकेल. वाटा मोठाच आहे. पण पाचातल्या चार बायकांच्या मृत्यूचा हिशेब वजनाच्या खात्यावर लागत नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. काट्यावर दिसतं ते आजचं वजन. आजार बहुधा आजच्या वजनाचा नसतो.

स्तनाचंच बघ, कारण तिथे सगळ्यांची गफलत होते. पाळी चालू असते तोवर वजन जास्त असलेल्या बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा कमी आढळतो. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांना मी चुकून उलट बोलले असं वाटायचं. पाळी गेली की चित्र फिरतं. बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतात आणि ते काम चरबीकडे जातं. तिच्यातलं अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करतं. जितकी चरबी जास्त, तितकं ते जास्त. त्यात वाढलेलं इन्सुलिन, पेशींना 'वाढा, वाढा' म्हणणारे घटक आणि चरबीत धुमसत राहणारा दाह यांची भर पडते. म्हणजे त्याच किलोंचा अर्थ पस्तिशीत एक आणि साठीत दुसरा.

अमेरिकेतल्या परिचारिकांचा 1976 पासून चाललेला अभ्यास तुला माहीत आहेच. त्यातल्या पाळी गेलेल्या सुमारे 87 हजार बायकांना अठराव्या वर्षीचं वजन विचारलं होतं. तेव्हापासून 25 किलो किंवा त्याहून जास्त वाढलेल्यांत स्तनाचा कॅन्सर, वजन टिकवलेल्यांपेक्षा 45 टक्के जास्त निघाला. दुसरीकडे, इस्रायलमध्ये सैन्यभरतीआधी सतराव्या वर्षी मोजलेल्या लाखो मुलामुलींचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा जादा वजनाच्या मुलांना पुढच्या आयुष्यात आतड्याचा कॅन्सर सुमारे दीडपट झालेला दिसला. आणि किती वर्षं, हाही प्रश्न आहेच: पाळी गेलेल्या अमेरिकन बायकांच्या एका मोठ्या पाहणीत जादा वजनाच्या दर दहा वर्षांमागे वजनाशी जोडलेल्या कॅन्सरांचा धोका 7 टक्क्यांनी चढत गेला, गर्भाशयाच्या अस्तराचा 17 टक्क्यांनी. विशीत वाढलेले आणि पन्नाशीत वाढलेले दहा किलो काट्यावर सारखेच दिसतात.

म्हणून तुझ्या फॉर्मवर 'वजन' या रकान्याखाली आणखी तीन ओळी घाल. अठराव्या वर्षी किती होतं? आयुष्यात सगळ्यात जास्त कधी होतं? गेल्या वर्षभरात काय झालं?

तिसरी ओळ मी महागात शिकले. नवखी होते तेव्हा एक बाई तपासणीला आल्या, सहा महिन्यांत अकरा किलो उतरलेल्या. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. कसं उतरवलं ते विचारलंच नाही. त्यांनी काहीच केलं नव्हतं. स्वादुपिंडात गाठ होती. माझ्या कौतुकामुळे त्या आणखी दोन महिने घरी बसल्या. न मागता उतरलेलं वजन ही कधी कधी आजाराचीच पहिली खूण असते. मागोवा घेणारे अभ्यासक याच भीतीने पहिल्या काही वर्षांतले रुग्ण हिशेबातून वगळून बघतात. बारीक माणसांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसतो, त्यामागेही बरीचशी धूम्रपानाचीच करामत आहे: सिगारेट वजनही उतरवते आणि कॅन्सरही देते. कोणी तो आकडा दाखवून 'जाड असलेलं बरं' म्हणालं, तर आधी हे विचार.

उतरवल्याने फरक पडतो का, असं लोक विचारतीलच. पडतो, आणि उशिराही. त्याच परिचारिकांपैकी ज्यांनी पाळी गेल्यावर 10 किलो किंवा जास्त उतरवून ते टिकवलं आणि कधी संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या, त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वजन टिकवलेल्यांपेक्षा 57 टक्के कमी दिसला. 2022 साली छापून आलेल्या एका अभ्यासात वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना न झालेल्या लठ्ठ माणसांशी केली, तर दहा वर्षांत वजनाशी जोडलेले कॅन्सर शंभरातल्या 2.9 जणांना झाले, दुसऱ्या गटात 4.9 जणांना. दोन्ही निरीक्षणं आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग नाहीत. शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारी माणसं मुळातच थोडी वेगळी असतात. तरी अनेक धागे एकाच दिशेला जातात, आणि मला ते पटतं.

कोणाला झालाच, तर 'वजनामुळे झाला' असं एका माणसाबद्दल म्हणू नकोस. हे आकडे घोळक्याचे आहेत. एका शरीरात कशाने काय झालं ते त्यातून कळत नाही, आणि आजारी माणसाला त्या वाक्याचा उपयोगही शून्य.

त्या बाई परत येतील असं वाटतं. चिडून गेलेली माणसं बहुधा येतात. आल्या तर आधी बसव. पाळी गेली आहे का विचार. गेली असेल, तर त्यानंतर रक्ताचा एखादा डाग तरी दिसला का, हेही विचार, आणि लाजू नकोस: तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा इशारा असू शकतो. दिसला असेल तर वजनाचा काटा बाजूला ठेव आणि त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाड. नसेल, तर मग निवांत अठराव्या वर्षापासून सुरुवात कर.

काय झालं ते कळव.