कच्चं लिंबू

*माई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. संध्याकाळी सोसायटीतली पोरं खाली खेळतात, हा गॅलरीतून बघत बसतो. गेलाच तर त्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतात, नाहीतर बॉल आणायला पिटाळतात. ह्यांनी सुट्टीत क्रिकेट कोचिंगला घातलं, चार दिवसांत रडून परत आला. हे म्हणतात आळशी आहे, सासूबाई म्हणतात मोठा झाला की आपोआप खेळेल. वजनही वाढतंय. हा जन्मभर असाच बसून राहील का? धाकटी पाच वर्षांची आहे, तिची काही तक्रार नाही. – एक आई, डोंबिवली*

अगं, आळशी पोर गॅलरीत उभं राहून खेळ बघत नाही. तुझ्या लेकाला खेळायचंय. पण त्याला जमत नाही, आणि जमत नाही हे त्याला कळतं. पाच वर्षांचं पोर दहा झेल सोडूनही ‘मी भारी खेळतो’ म्हणतं. सातआठ वर्षांनंतर मुलं स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघायला लागतात. मग न जमणारा लांब राहतो, सराव होत नाही, दम लवकर लागतो, वजन चढतं, की खेळणं आणखी अवघड. हेच चाक उलटंही फिरवता येतं.

सासूबाईंना दुखवू नकोस, पण ‘आपोआप’ काही होत नाही. चालणं आपसूक येतं, फेकणं-झेलणं शिकावं लागतं. आमच्या वेळी लगोरी, आबाधुबी खेळताना मोठी पोरं ते शिकवून टाकायची, शिव्या घालत का होईना. (मीही दोन वर्षं कच्चं लिंबूच होते.) ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही कौशल्यं तपासली आणि सहा-सात वर्षांनी तीच मुलं पुन्हा गाठली. लहानपणी ज्यांना चेंडू नीट फेकता, झेलता, लाथाडता येत होता, ती किशोरवयात जास्त हालचाल करणारी निघाली. फरक डोंगराएवढा नव्हता, पण होता. म्हणून जन्मभराची भीती आत्ताच नको.

आधी त्याचे डोळे तपासून घे. चेंडू दिसतच नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, लिहिणं यातही तो फार अडखळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव.

मग घरातच, पोरांच्या नजरेआड सुरू कर. तो झेलताना बघ: हात ताठ पुढे, मान वळलेली, डोळे मिटलेले, चेंडू छातीवर आपटतो. असंच असेल, तर फुग्यापासून सुरुवात कर. फुगा हळू येतो, लागत नाही, डोळे उघडे राहतात. मग मोठा हलका चेंडू दोन पावलांवरून, शेवटी टेनिस बॉल. कोपर सैल, चेंडू आला की हात अंगाकडे ओढायचे. फेकताना उजव्या हाताला डावा पाय पुढे. बरीच मुलं त्याच बाजूचा पाय टाकतात, म्हणून चेंडू पायाशीच पडतो. रोज पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. जोडीला लंगडी आणि दोरीच्या उड्या. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. तो आकडा भिंतीवर लावू नकोस, हात बसला की पोरगा आपणच खाली पळेल.

वजनाचा विषय जेवताना काढू नका. कोचिंगची फी गेली तर गेली. कडक चामडी सीझन बॉलला घाबरलेल्या पोराला पुन्हा तिथे ढकलायचं नाही.

आणि धाकटीलाही फेकायला लाव. तिची तक्रार नाही, कारण तिच्या हातात अजून कुणी चेंडूच दिलेला नसेल.

पहिला महिना तुझ्या ह्यांना झेल मोजायचं काम दे, फेकायचं नाही. पुरुष दुसऱ्याच दिवशी जोरात टाकायला लागतात. आणि जिन्याच्या भिंतीवर डाग पडणार आहेत, सेक्रेटरींच्या कानावर आधीच घालून ठेव.

– माई