महापालिकेची इमारत ही व्हीटीची कॉपी आहे का?

नाही.

तुम्ही विचारलंय की दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रज वास्तुविशारदाच्या, समोरासमोर उभ्या, दिसायलाही सारख्या. मग मुंबईत एकच दिवस हातात असताना महापालिकेच्या इमारतीवर वेळ का घालवायचा? जवळपास याच शब्दांत हे मी लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासरी ऐकलं होतं. माझे दीर तेव्हा नुकतेच सिव्हिल इंजिनिअर झाले होते. "अहो वहिनी, ती म्हणजे व्हीटीतून उरलेला माल," असं ते भर पंगतीत म्हणाले. समोरच्या पाटावर माझे बाबा बसले होते. त्यांची सगळी नोकरी, कारकून म्हणून, त्याच इमारतीत गेली. बाबांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि ते काहीच बोलले नाहीत. मुलीच्या सासरी वाद घालायचा नाही, ही त्यांची पद्धत. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सविस्तर देते.

व्हीटी (म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस हे रेल्वे स्टेशन, आता सीएसएमटी, पण बाबांच्या तोंडी व्हीटीच होतं) बांधायला १८७८ ला सुरुवात झाली आणि १८८८ ला पुरी झाली. जागा ऐसपैस. म्हणून स्टीव्हन्सने दोन्ही बाजूंना हात पसरलेली इमारत मांडली, मध्ये अंगण सोडलं आणि मुख्य जिन्यावर अष्टकोनी घुमट चढवला, तोही खालून लाकडी आधार न देता. महापालिकेची जागा अगदी उलट. दोन रस्ते येऊन मिळतात तिथली निमुळती पाचर. तिथे हात पसरायला जागाच नाही, म्हणून इमारत मागून दोन पंख घेऊन येते, टोकाशी मिळते आणि तिथे मनोऱ्याने सरळ वर जाते. समोर व्हीटीचा घुमट असताना त्याने पुन्हा तसाच घुमट चढवला असता तर कॉपी म्हटलं असतं. त्याने मनोरा उचलला. आणि त्या मनोऱ्याचा माथा नीट बघा: गोल फुगीर घुमट, बाजूला छोट्या घुमट्या. खाली पाकळ्यांच्या कमानी. व्हीटीत गॉथिक, म्हणजे युरोपातली टोकदार कमानींची शैली, पुढे आहे आणि हिंदुस्थानी वळण मागे. इथे ते वळण पुढे आलंय. पुढे चर्चगेटला त्याने रेल्वेचं मुख्यालय बांधलं, १८९९ ला पुरं झालं, त्यात ते आणखी वाढलं. तिन्ही एका ओळीत पाहिल्या की माणूस कसा बदलत गेला ते कळतं. १९०० साली तो मुंबईतच मलेरियाने वारला.

आता पैशाचं. महापालिकेच्या इमारतीची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते १८८४ ला बसली, प्रत्यक्ष काम १८८९ ला सुरू झालं, १८९३ ला संपलं. मंजुरी ११,८८,०८२ रुपयांची होती, खर्च झाला ११,१९,९६९. हे आकडे बाबांना तोंडपाठ होते, फरकासकट: ६८,११३ रुपये वाचले. हा पैसा शहराच्या करदात्यांचा होता, हे ते दर वेळी जोडायचे.

मी सातवी-आठवीत असताना एका शनिवारी अर्ध्या दिवसानंतर बाबांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. मला वाटलं जिना दाखवतील, घुमट दाखवतील. ते मला थेट तळमजल्याच्या कमानींपाशी घेऊन गेले आणि एका खांबाच्या माथ्यावर बोट दाखवलं. दगडात कोरलेल्या पानांची रांग होती. "नीट बघ, यातलं एक पान बाकीच्यांसारखं नाही." मला बराच वेळ दिसेना. मग दिसलं. सगळी पानं बाहेर उमललेली आणि एकाचं टोक आत वळलेलं, वाळताना वळतं तसं. देठाखाली टाकीचे बारीक घाव तसेच राहिलेले. "हे कुठल्या नकाशात नसतं," बाबा म्हणाले. "हे कोरणाऱ्याच्या मनातलं." बाबांनी मला खांद्यावर उचलून त्या पानाला हात लावू दिला होता. दगड थंड आणि थोडा ओलसर होता, पावसाळा होता.

म्हणून कोणी "साहेबाची इमारत" म्हटलं की मला राग येतो. नकाशा साहेबाचा, मान्य. पण व्हीटीवरची नक्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी घडवली आणि त्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य आणि महादेव जनार्दन होते. ही नावं शाळेत कुणी सांगत नाही.

बाबा गेल्यावर मी भाऊजींना एकदा मुद्दाम तिथे नेलं. सबवेतून वर आलो. फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी त्यांना उभं केलं आणि मान वर करायला लावली. तिथून महापालिकेच्या इमारतीवरची पंख असलेली मूर्ती दिसते, मुंबई म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर हे सांगणारी. मग त्यांना मागे वळून व्हीटीचा घुमट बघायला सांगितलं, त्यावर मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे. एकीच्या हातात मशाल, दुसरीला पंख. "आता सांगा, यात उरलेला माल कुठला?" भाऊजी म्हणाले, "वळण वेगळं आहे खरं." एवढंच. बाबांसमोर म्हणायला हवं होतं.

तुमच्या एका दिवसाचं विचाराल तर सकाळी व्हीटी करा, तिकीटघराच्या छतावरच्या चांदण्या विसरू नका, आणि दुपारनंतर महापालिका. कॅमेरा आधी काढू नका. आतून बघायची मार्गदर्शकासह फेरी २०२१ ला सुरू झाली, शनिवार-रविवारी. पण सध्याच्या वेळा चौकशी करूनच जा, एरवी ते चालू ऑफिस आहे आणि कुणाला असंच आत सोडणार नाहीत. आतून नाही जमलं तरी बाहेरून तासभर पुरणार नाही एवढं आहे.

आणि नक्षीला हात लावू नका. त्या काळी मुंबईत कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड आणत. टाकीला सोपा, म्हणूनच पावसाला आणि गाड्यांच्या धुरालाही तितकाच सोपा. बाबांनी मला लावू दिला होता, पण मी माझ्या मुलाला नेलं तेव्हा त्याचे हात मी धरून ठेवले होते.