आधी हात वर जाऊ दे, वजनं नंतर

अगं,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, लगेच उत्तर देणार होते पण दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये हे, म्हणून आज सकाळी निवांत लिहायला बसले. तू विचारलंयस की ब्रेस्ट कॅन्सरच्या सर्जरीनंतर जिम कधी सुरू करू, कोणी सहा आठवडे सांगतंय, कोणी सहा महिने, आणि घरातले मोठे म्हणतायत की त्या बाजूच्या हाताने आता जन्मभर काही जड उचलायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी लिहिलंस की सर्जरीला अकरा दिवस झाले, आज केस विंचरायला हात वर नेला आणि डोळ्यात पाणी आलं. मला बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा ही शेवटची ओळ महत्त्वाची वाटली, तर तिथूनच सुरुवात करते.

केस विंचरणं हाच सध्या तुझा व्यायाम आहे. तू वर्षानुवर्षं वजनं उचललीस, पळलीस, त्यामुळे तुला हे ऐकायला बरं नाही वाटणार, कळतंय मला. पण आत्ता खांदा मोकळा होणं हे एकच काम आहे आणि ते नीट झालं तर पुढचं सगळं सोपं जातं.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, काढला की अजून आहे ते तू लिहिलं नाहीस. असेल तर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, बस्स. मूठ वळायची उघडायची, कोपर वाकवायचं सरळ करायचं, खांदे गोल फिरवायचे, लांब श्वास घ्यायचा, एवढं दिवसातून तीनचार वेळा. दिवसभरात येणारं पाणी साधारण २० ते ३० मिलीच्या खाली आलं की ड्रेन काढतात, पण प्रत्येक सर्जनचा नियम थोडा वेगळा असतो त्यामुळे तुझ्या सर्जनचंच ऐक. ड्रेन निघाल्यावर त्यांना विचारून हात हळूहळू वर न्यायला लाग. भिंतीकडे तोंड करून उभी राहा आणि बोटांनी भिंतीवर चढत जा, जिथे ताण बसेल तिथे थांब, चारपाच श्वास घे, मग बोटांनीच खाली ये. पेन्सिलने खूण कर. दुसऱ्या दिवशी ती खूण एक बोट वर गेली तरी खूप झालं. आडवं पडून दोन्ही हातात काठी धरून डोक्याकडे न्यायची, म्हणजे चांगला हात दुसऱ्याला मदत करतो. आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे खेचायची, हे बसल्या बसल्या कधीही होतं आणि हे विसरू नकोस, कारण सर्जरीनंतर आपण सगळ्याच जणी नकळत पुढे वाकून, छाती झाकून चालायला लागतो आणि तसंच राहिलं की पुढचे स्नायू आखडतात.

ताण बसला तर चालेल, कळ आली तर थांबायचं. हा फरक तुला जिममुळे आधीच माहितीये, नवीन शिकायला नको.

मी हे केलं नव्हतं म्हणून इतकं खोलात सांगतेय. अकरा वर्षांपूर्वी माझ्या अशाच सर्जरीनंतर मला एकांनी सांगितलं, हात जपा, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की दीड महिना हात पोटाशी धरूनच वावरले. रेडिएशनच्या प्लॅनिंगला गेले तेव्हा टेबलवर झोपवून हात डोक्यावर घ्या म्हणाले, तर तो जाईचना. रेडिएशन देताना रोज त्याच पोझिशनमध्ये हात वर ठेवून स्थिर पडून राहावं लागतं, तेवढा हात वर गेल्याशिवाय सुरूच करता येत नाही. माझी तारीख पुढे ढकलली आणि ते दिवस मी फिजिओकडे रडत रडत खांदा सोडवून घेण्यात घालवले. तुला रेडिएशन सांगितलंय ना, मग तुझी पहिली तारीख जिमची नाहीच, ती प्लॅनिंगची आहे, त्या दिवशी हात वर गेला पाहिजे एवढंच डोळ्यासमोर ठेव. ब्रिटनमध्ये जवळजवळ चारशे बायकांवर एक मोठी ट्रायल झाली होती, २०२१ मध्ये छापून आली, त्यात खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्यांना सर्जरीनंतर आठवड्या दीड आठवड्यातच फिजिओने व्यायाम सुरू करून दिले, आणि वर्षाने बघितलं तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा त्यांचा हात जास्त चांगला चालत होता. त्यामुळे फिजिओची अपॉइंटमेंट कोणी दिली नसेल तर तू स्वतः मागून घे.

येत्या काही आठवड्यात एक गोष्ट होऊ शकते ती आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाहीस. हात बाजूला पसरला की काखेत त्वचेखाली दोरी ताणल्यासारखी दिसते, कधी कोपरापर्यंत जाते, कधी मनगटापर्यंत, आणि हात सरळच होत नाही. बऱ्याच जणींना होतं हे, काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, काढल्यावर. कॅन्सर परत आला असं काही नाही आणि व्यायामाने बिघडवलंस असंही नाही. फिजिओला दाखव, हळूहळू स्ट्रेच करत राहा, काही आठवड्यात, फार तर काही महिन्यात जातं. दंडाची आतली बाजू बधिर वाटेल, कधी मुंग्या, कधी चटका बसल्यासारखं, कारण तिथली नस काखेतूनच जाते आणि सर्जरीत ती दुखावते किंवा कापावी लागते. त्या भागात गरम गार नीट कळत नाही त्यामुळे शेकायची पिशवी वगैरे तिथे नकोच.

चालायला मात्र आजपासून लाग, लागली नसशील तर. दहा मिनिटं. हात मोकळे सोडून, पोटाशी धरून नाही. चार दिवसांनी बारा, मग पंधरा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटं हा आकडा सगळीकडे दिसेल, तो पुढचा आहे, आज त्याच्यामागे लागू नकोस.

आता जन्मभर जड उचलायचं नाही ह्या गोष्टीबद्दल. घरच्यांवर चिडू नकोस, त्यांनी हे ऐकलंय ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलंय. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं लिम्फचं पाणी वर वाहून जायचे रस्ते कमी होतात, आणि पाणी साचलं की हात सुजतो, तो लिम्फेडेमा. पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये ब्रेस्टबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी काढायचे, तेव्हा हात सुजायचं प्रमाणही जास्त होतं, आणि त्यातूनच हा सल्ला पक्का झाला की वजन उचललं, जोर लावला की हात सुजणार. कित्येक जणींनी ह्या भीतीने स्वतःच्या मुलांना कडेवर घेतलं नाही. आज नुसत्या एकदोन गाठी तपासायला काढल्या असतील, म्हणजे सेंटिनल नोड, तर सूज येण्याचं प्रमाण साधारण शंभरात पाचसहा आहे, सगळ्या काढल्या असतील तर शंभरात वीसच्या आसपास. तुझ्या रिपोर्टमध्ये किती काढल्या तो आकडा लिहिलेला असतो, तो बघून ठेव, पाठ कर, पुढे प्रत्येक ट्रेनरला आणि फिजिओला तो सांगायचाय.

ही भीती मोडली ती दोन गोष्टींनी, आणि दोन्ही मला फार आवडतात. १९९६ साली कॅनडात, व्हँकुव्हरला, डॉन मॅकेंझी नावाच्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरने ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत बसवलं. ड्रॅगन बोट म्हणजे वल्ही मारून मारून खांदे भरून येतात असा खेळ, हातांनी करू नका म्हणून सांगायचे नेमकं तेच. आधी जिममध्ये तयारी, मग बोट. आणि त्या सीझनमध्ये कोणाचाही हात नव्याने सुजला नाही. त्यातून जगभर अशा टीम तयार झाल्या. आणि नंतर अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या टीमने नीट अभ्यास केला, आधीच हात सुजलेल्या १४१ बायका घेतल्या, अर्ध्या जणींना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, २००९ मध्ये निकाल आला की वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली तर नाहीच, उलट सूज मध्येच भडकण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांत २९. पुढच्या वर्षी सूज नसलेल्या बायकांवरचा निकाल आला. ज्यांच्या पाच किंवा जास्त गाठी काढल्या होत्या त्यांच्यात वजनं उचलणाऱ्यांपैकी ७ टक्के जणींना नव्याने सूज आली, न उचलणाऱ्यांपैकी २२ टक्के. हे घरी वाचून दाखव हवं तर.

पण त्या बायकांनी कसं केलं तेही तेवढंच महत्त्वाचं आहे गं, लोक नुसता निकाल सांगतात आणि हे सोडून देतात. त्यांनी अगदी नावाला वजन घेऊन सुरुवात केली, पहिले काही महिने शिकवणारं माणूस समोर होतं, वजन वाढवलं ते सगळ्यात छोट्या टप्प्याने आणि आधीच्या वेळी हाताला काही त्रास झाला नसेल तरच. ज्यांना सूज होती त्या हाताला प्रेशरचा स्लीव्ह, म्हणजे घट्ट बसणारी बाही, घालून करायच्या. तर तुझ्यासाठी माझं मत असं, जखम पूर्ण भरलेली असावी, हात डोक्यापर्यंत सहज जात असावा, सर्जनने हो म्हटलेलं असावं, बहुतेकींचं हे सहाआठ आठवड्यात होतं पण कॅलेंडर बघून ठरवायचं नाही. मग अर्धा किलो. हो, अर्धाच. दहा वेळा. आणि मग त्या दिवशी आणखी काही करायचं नाही, दुसऱ्या दिवशी हाताकडे बघायचं. जड वाटतोय का, अंगठी घट्ट झाली का, बाही रुतते का. स्नायू दुखणं वेगळं, ते तुला ओळखता येतं. काही नसेल तर पुढच्या वेळी तेवढंच परत, आणि दोनतीनदा ठीक गेलं की थोडं वाढव. मध्ये आजारपणात दोन आठवडे गेले तर जिथे सोडलंस तिथून नाही, दोन पायऱ्या खालून सुरू कर. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर मात्र व्यायाम बियाम सोड आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, इन्फेक्शन असू शकतं आणि ते वेगाने पसरतं.

पुढे रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे ब्रेस्ट परत तयार करायची सर्जरी, करायचा विचार आहे म्हणालीस, तर तेव्हा हे सगळे हिशोब बदलतात. पोटाचा भाग घेऊन केलं तर पोटावर जोर देणारं काही बरेच आठवडे बंद, इम्प्लांट असेल तर छातीचे व्यायाम, पुशअप वगैरे कधी ते तुझ्या प्लास्टिक सर्जनशिवाय कोणी सांगू नये, मीसुद्धा नाही. पळण्याचंही तसंच, हादरे बसतात म्हणून जखम भरल्याशिवाय नको, आणि ब्रा घेताना तार नसलेली, पुढून उघडणारी, शिवण टाक्यांच्या खुणेवर येणार नाही अशी बघ.

केमो सुरू झाली की पहिले काही दिवस अंगात काहीच नसेल. तेव्हा झोपावंसं वाटेल आणि झोपच. पण तो थकवा विश्रांतीने पूर्ण जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. थोडंसं चालून आल्यावर तो कमी वाटतो, विचित्र आहे पण तसंच होतं, आणि आता तज्ज्ञांचा सल्लाही तोच आहे, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, मध्यम वेगाने, निदान बारा आठवडे. ताप असेल, चक्कर येत असेल, रक्ताचे काउंट खाली असतील तेव्हा नाही, आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर जिमची गर्दी नकोच. काही औषधांनी पायाची बोटं बधिर होतात, तसं झालं तर ट्रेडमिलपेक्षा जागेवरची सायकल बरी, पडायची भीती नाही. आणि काही औषधं हृदयावर परिणाम करतात त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात, तर वेग वाढवायच्या आधी तुझा इको कसा आहे ते विचारून घे.

शेवटचं, आणि हे लिहिताना मी जरा थांबले. तुझी ती वर्कआउटची वही, ज्यात आकडे लिहायचीस, ती आत्ता उघडू नकोस. मी माझी उघडली होती. एका बाजूला आधीचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला अर्धा किलो, आणि मी त्या दिवशी काहीच केलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तीन आठवडे गेले तसेच. तुझं शरीर एका मोठ्या ऑपरेशनमधून बाहेर आलंय, त्याची तुलना कालच्याशी कर, गेल्या वर्षीशी नको. नवी वही घे. जिमच्या चेंजिंग रूममध्ये कपडे बदलायचं धाडस होत नसेल तर घरून कपडे घालून जा, घरी येऊन आंघोळ कर, त्यात कमीपणा काही नाही. मला आठ महिने लागले तिथे इतरांसमोर शर्ट काढायला, आणि कोणी बघितलंही नाही, आणि मी घरी येऊन खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

आता एक काम सांगते, आजच कर. शिवणकामाची टेप घे आणि दोन्ही हात मोज, मनगट, मग तिथून दर दहा सेंटिमीटरवर वर काखेपर्यंत. सर्जरीच्या आधी मोजले असते तर उत्तम होतं, पण आजचं माप नसण्यापेक्षा बरं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिही, महिन्यातून एकदा परत मोज. पुढे दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक पडला किंवा त्याआधीच हात जड वाटायला लागला तर थांबून न राहता दाखवायचं. उजव्याने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळात थोडा मोठा असतो, म्हणून दोन्हीचं माप हवं.

मोजून झाले की आकडे मला पाठव, आणि भिंतीवरची खूण कुठे आहे तेही. मी माझ्याकडे लिहून ठेवते.

तुझी,
ताई