जुनी डॅटसन २४०झेड घेऊन स्वतः दुरुस्त करावी का?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियात राहता, घराला गॅरेज आहे, मेकॅनिकचं काम फारसं कधी केलेलं नाही, तरी १९७०-७३ मधली डॅटसन २४०झेड घेऊन हळूहळू उभी करायची हौस आहे. कोणतं साल घ्यावं, बघताना काय तपासावं, पैसे किती जातील आणि सगळी गाडी सोडवून पहिल्यापासून बांधावी का? मी सॅन होजेत असतो, माझी १९७२ ची आहे, आणि ती नुसती झाकून ठेवलेली नाही, रस्त्यावर फिरते. त्या जोरावर लिहितो.

घ्या. फक्त इंजिनाच्या आवाजावर भाळून घेऊ नका, पत्रा बघून घ्या. या गाडीत जे काही फिरतं ते दुरुस्त होतं आणि त्याचे पार्टही मिळतात. जे फिरत नाही, म्हणजे नुसता पत्रा, तोच खिसा रिकामा करतो.

कारण असं की २४०झेडला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. फरशीखालून जाणाऱ्या दोन पोकळ रेल आणि दाराखालचे पोकळ उंबरे, सगळा भार यांच्यावर. त्या काळात या पत्र्याला आतून गंजापासून वाचवणारं विशेष काही लावलेलं नसायचं. दोन पत्र्यांच्या पोकळीत पाणी आणि माती शिरली की तिथेच बसून राहते. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. रंगावर बारीक फोड दिसला, म्हणजे मागचा पत्रा बहुतेक आधीच गेलेला असतो. 'कॅलिफोर्नियाची गाडी आहे साहेब, गंज नाही' हे वाक्य विकणारा हमखास ऐकवेल. समुद्रकाठच्या धुक्यात पन्नास वर्षं उघड्यावर उभी असलेली गाडीही कॅलिफोर्नियाचीच असते.

बघायला जाताना टॉर्च, फ्रिजवरचं पातळ चुंबक, जुना स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर आडवं पडायला पुठ्ठा न्या. बॉनेट उघडलं की इंजिनाकडे न बघता आधी बॅटरीखाली बघा. ती उजव्या बाजूला, मागच्या भिंतीला लागून असते. वर्षानुवर्षं अ‍ॅसिड ठिबकून तिथला ट्रे जातो आणि तेच अ‍ॅसिड ओघळत खालच्या रेलपर्यंत पोचतं. मग आतलं कार्पेट उचला. त्याखाली डांबरी थर असतो, तो कुठे सुटलेला असेल तिथे बोटाने दाबून बघा. पत्रा खाली गेला किंवा करकरला की समजा. नंतर बाहेरून पुढच्या चाकामागचा फेंडरचा खालचा कोपरा आणि दार संपल्यावर मागच्या चाकाआधीचा छोटा तुकडा, ज्याला इथले लोक डॉगलेग म्हणतात. या दोन ठिकाणी चुंबक धरा. चिकटलं नाही तर आत लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरलेली आहे, तीही बहुधा बोटभर जाडीची. वायपरच्या खाली जाळीतून बाटलीभर पाणी ओता आणि कुणाला तरी आत पायापाशी बघायला सांगा. आत टपकलं तर काउल, म्हणजे पुढच्या काचेखालचा पोकळ पत्रा, कुजलाय, आणि ते काम वाईट, कारण तिथे हातच पोचत नाही.

शेवटची तपासणी माझी आवडती. दारं बंद करून दाराच्या मागच्या फटीवर नजर ठेवा आणि गाडी एका कोपऱ्याखाली जॅक लावून उचलायला सांगा. फट बदलली, दार घासायला लागलं, तर गाडी मधून वाकतेय. तिथून सरळ घरी या. आणि खालून सगळीकडे ताजा, काळाकुळकुळीत अंडरकोटिंगचा थर दिसला तर मी भावाची बोलणीसुद्धा करत नाही. काळ्या रंगाखाली काय आहे हे त्या माणसाला माहीत असतं, आपल्याला नसतं.

आता साल. डॅटसन हा निसानचाच ब्रँड. ही गाडी १९६९ च्या शेवटी जपानात निसान फेअरलेडी झेड म्हणून आली. तिथे करांच्या गणितामुळे मुख्यतः दोन लिटरचं इंजिन होतं. अमेरिकेसाठी २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरी इंजिन बसवलं, किंमत ठेवली ३,५२६ डॉलर. निसानच्या अमेरिकेतल्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख युताका कातायामा यांना फेअरलेडी हे नाव अमेरिकन गिऱ्हाइकाला देणं बिलकुल पटलं नव्हतं, म्हणून इथे नुसता आकडा आणि अक्षर. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक, साधारण १५० हॉर्सपॉवर आणि वजन हजार किलोच्या जरासं वर. त्या पैशात असं काही युरोपियन गाडीत मिळत नव्हतं. १९७३ ची सफारी रॅली, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या खडतर रस्त्यांवरची शर्यत, याच गाडीने जिंकली, आणि चालवणारे होते शेखर मेहता, युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे. त्या वर्षी त्यांचे आणि दुसऱ्या आलेल्या चालकाचे गुण सारखे झाले होते, निकाल टायब्रेकने लागला. हे मुद्दाम सांगतोय, कारण गाडीच्या शोमध्ये कुणी तुम्हाला 'ही गाडी नाजूक असते' म्हणालं तर उत्तर हाताशी असू दे.

१९७० आणि १९७१ च्या सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या काचेच्या दारावर हवेच्या झडपा असतात. संग्राहक त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजतात, तुम्ही मोजू नका. २०२० मध्ये १९७१ ची एक, जेमतेम २१ हजार मैल चाललेली गाडी ३ लाख १० हजार डॉलरला गेली, तेव्हापासून प्रत्येक विकणाऱ्याला आपली गाडी तीच वाटते. १९७२ मस्त साल आहे. १९७३ मध्ये प्रदूषणाच्या नियमांमुळे वेगळे, चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर आले. ते गरम झाले की गाडी सिग्नलला गचके खाते. बहुतेकांनी ते काढून जुने गोल डोक्याचे बसवलेत. बसवलेले असतील तर १९७३ चीही चालेल. बजेट कमी असेल तर १९७५ ची २८०झेड बघा. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, इंजिन मोठं आहे, बंपर मात्र बोजड आहेत. पण १९७६ ची घेताना थांबा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना स्मॉग चेक, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, लागत नाही, १९७६ पासून लागतो. एका वर्षाच्या फरकाने दर दोन वर्षांनी डोकेदुखी मागे लागते.

इंजिनाची भीती बाळगू नका. हे एल सिरीजचं इंजिन म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर एकच कॅमशाफ्ट, तीही बेल्टवर नाही, साखळीवर. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट जुळवणं, तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकाल: गरम इंजिनावर इनटेक ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३०, फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, किंचित अडकत सरकली पाहिजे. झाकण काढलं की सगळं डोळ्यांसमोर. दोन कार्ब्युरेटर हिताचीने बनवलेले, पण रचना ब्रिटिश एसयूची. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडरवर ज्याने एसयू उघडलाय, त्याला इथे काहीच परकं वाटणार नाही. वरची टोपी फिरवून काढायची, आतल्या दांडीभोवतीचं तेल बघायचं, पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक आवाज करत खाली बसला पाहिजे. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतायत का हे बघायला छोटं यंत्र मिळतं. नाहीतर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा, दोन्हीकडचा फुस्स आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवा. मी अजून नळीच वापरतो. तेल मात्र झिंक असलेलं घाला, कारण व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कॅमवर घासत चालतात आणि आजच्या बऱ्याच तेलांत झिंक कमी असतं.

पहिले पैसे ब्रेक, टायर आणि पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर. टायरवर नक्षी शाबूत असली तरी बाजूला छापलेली तारीख वाचा. नंतर हेडलाइट. मूळ वायरिंगमध्ये दिव्यांचा सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले, म्हणजे जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच, नाही. दिवे मंद, स्विच गरम, आणि एक दिवस प्लास्टिक वितळल्याचा वास. तयार रिलेचा संच मिळतो, एका दुपारचं काम आहे. दुसरा वास एक्झॉस्टचा. गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर मागच्या दाराच्या फटीतून आत ओढला जातो. लोक सायलेन्सर बदलत बसतात. बदलायचं असतं ते मागच्या दाराचं रबर आणि टेललाइटमागची गॅस्केटं.

यूट्यूबवर जे दाखवत नाहीत ते मागच्या सस्पेन्शनचं. बुश, म्हणजे सांध्यांतले रबर, बदलायचे म्हणून तुम्ही मागची बाजू उघडाल आणि स्पिंडल पिनपाशी अडाल. ही एक लांब पिन, मागच्या हबच्या, म्हणजे चाक बसतं त्या भागाच्या, खालून आरपार जाते, मधोमध एका छोट्या खिळीने, म्हणजे कॉटरने, अडकवलेली असते. पन्नास वर्षांत ती आतल्या आत गंजून हबशी एकजीव झालेली असते. पहिली इच्छा होते हातोडा मारायची. मारू नका: टोकाच्या आट्या चेपतात, टोक फुगतं, आणि मग ती कुठूनच निघत नाही. आधी कॉटर पूर्ण निघालाय याची खात्री करा. मग रोज गंज सोडवणारं तेल, मग उष्णता, मग पुलर, म्हणजे नट आवळून पिन ओढून काढायचं हत्यार. मी पुलरचा नट आवळत गेलो, पाना वाकतोय की काय असं वाटायला लागलं, पिन ढिम्म. पाना खाली ठेवून चहा घ्यायला आत गेलो आणि गॅरेजमधून असा ठाककन आवाज आला की बायको म्हणाली, जॅक सुटला का? जॅक जागेवर होता. पिन केसभर हलली होती. केसभर हलली की काम झालं, पुढे ती येतेच. परत बसवताना ग्रीस चोपडून लावा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील.

वेल्डिंग शिकायची हौस असेल तर फरशीच्या सपाट तुकड्यावर शिका. रेल आणि उंबरे सरावलेल्या माणसाकडूनच करून घ्या, तेही दारं जागेवर लावून आणि बॉडीला आधार देऊन. नाहीतर नवा पत्रा बसतो आणि दार बसत नाही. फरशी, रेल, उंबरे सगळं तयार मिळतं. न तडकलेला मूळ डॅशबोर्ड मात्र सहजी मिळत नाही. उन्हाने ते जवळजवळ सगळेच तडकलेत. मी माझा तडकलेलाच ठेवलाय.

पैशांचं माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र असं: चालती, खरा पत्रा असलेली गाडी वीस-पंचवीस हजार डॉलरच्या आत मिळाली तर नशीब समजा. पाच-सात हजारांत मिळणारी 'थोडं काम आहे' वाली गाडी शेवटी जास्तच महाग पडते, कारण पत्रा आणि रंग दुकानातून नीट करून घ्यायचा म्हटला की नुसता तोच आकडा चांगल्या गाडीच्या किमतीएवढा होतो. आधीच्या मालकाने ज्यावर खर्च केलाय आणि बिलं जपून ठेवलीत अशी गाडी शोधा. त्याचे पैसे त्याला कधीच पूर्ण परत मिळत नाहीत, त्याचा फायदा तुम्हाला. विमा ठरलेल्या किमतीचा, क्लासिक गाड्यांसाठी असतो तोच घ्या.

आणि सगळी गाडी सोडवायची का? नाही, निदान पहिल्या गाडीला नाही. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या वेबसाइटवर बघा किती गाड्या 'अर्धवट रिस्टोरेशन, सगळे पार्ट डब्यांत' म्हणून विकायला असतात. बॉडी एका कोपऱ्यात, इंजिन दुसऱ्या, आणि पिशव्यांवर काय लिहिलं होतं ते मालकालाही वाचता येत नाही. एका वेळी एकच काम उघडा, ते संपवा, गाडी चालवा, मग पुढचं. चालवल्याशिवाय काय बिघडलंय हेही कळत नाही. दुसऱ्या गिअरला ४,००० च्या पुढे सुई गेली की सहा सिलिंडर ज्या सुरात येतात, तो आवाज महिन्यातून चार वेळा कानावर पडला नाही तर रेलखाली पडून गंज खरवडायचा उत्साह टिकत नाही.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगा: दोनच सीट आहेत, एअरबॅग नाही, एबीएस नाही, पॉवर स्टेअरिंग नाही. मुलांची गाडी ही नव्हे. कॉलनीच्या असोसिएशनचे नियमही वाचून घ्या, काही ठिकाणी ड्राइव्हवेवर बॉनेट उघडून काम करायलाही मनाई असते.

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. गार असेल तर चोक ओढून तुमच्यासमोर सुरू करायला लावा, मागे उभे राहा आणि धूर बघा: सुरुवातीला निळा येऊन गेला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील, स्वस्तातलं काम. चालवताना गॅस दाबून धरल्यावर निळा येत राहिला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा. तरीही पत्रा चांगला असेल तर तीच घ्या.